लाईट गेली की

आमच्या गावात विजेला वीज कुणी म्हणत नाही. लाईट येते, लाईट जाते. ती गेली की मागच्या अंगणातल्या भिंतीपलीकडून दादाचा आवाज येतो, "तुन्हाकडे लाईट शे का?"

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. तापीकाठच्या आमच्या गावात आमची दोन घरं एकमेकांना लागून आहेत, मध्ये छातीइतकी भिंत. दोघांना लाईट एकाच खांबावरून, पण फेज वेगळे. कधी त्याचा फेज जातो, कधी माझा, म्हणून विचारावं लागतं. मी सांगतो, "नही, इकडे बी गई." तो म्हणतो, "मंग लाईनच गई." संपलं बोलणं. माझ्या मुलीच्या लग्नापासून आम्ही भाऊ एकमेकांशी एवढंच बोलतो.

चूक माझीच. बापाच्या जागी असलेल्या माणसाला न विचारता मी नवापूरच्या स्थळाची सुपारी फोडली आणि त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं. लग्नात तो पाहुण्यासारखा आला, अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेला. तेव्हाच जाऊन पाय धरायला हवे होते. पण मान वाकवायची आमच्या घराण्यात कुणाला सवय नाही, आणि मी तर त्यातला नमुना. लाईटची चौकशी म्हणजे काही बोलणं नव्हे, असं आम्ही दोघांनी न ठरवता ठरवून टाकलं.

मला दादाची फार आठवण येते. भिंतीपलीकडे खोकणाऱ्या माणसाची आठवण येते, हे सांगायचीसुद्धा लाज वाटते. पावसाळ्यात चंगळ असते, दिवसातून तीनदा लाईट जाते. हिवाळ्यात ती शहाण्यासारखी वागते आणि माझं डोकं फिरतं. आठ-आठ दिवस लाईट न गेल्यावर वीजवाल्यांना शिव्या देणारा अख्ख्या तालुक्यात मी एकटाच असेन.

बायको दोन वर्षं सोलरच्या मागे लागली होती. मी कधी गच्ची गळते म्हणायचो, कधी वारा फार आहे म्हणायचो, कधी तिलाच विचारायचो, "पापड-बिबडे कुठे वाळवशी?" खरं कारण वेगळं होतं. सोलर घेतलं की लाईट कधी जातच नाही, असं आमच्या गावात सगळेच धरून चालतात. मीही त्यातलाच.

या उन्हाळ्यात तिने मला न विचारता शहाद्याहून सोलरवाल्याला बोलावलं. विचारायचं नाही, हे ती माझ्याकडूनच शिकली असावी. गृहस्थ गच्ची मोजून खाली आले आणि जरा चाचरत म्हणाले, "एक आधीच सांगतो. बॅटरी नसेल तर लाईन गेल्यावर हेही बंद पडतं. नाहीतर तुमच्या गच्चीवरचा करंट खांबावर चढलेल्या वायरमनला लागेल."

"म्हणजे लाईट गेली तर आमच्याकडेही जाणार?"

मी हे तीनदा विचारलं. मी चिडलोय असं वाटून ते घाईघाईने बॅटरीचे गुण सांगू लागले. बायको म्हणाली, "मंग बॅटरीवालंच ल्या ना."

"बॅटरी नको," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं, मागच्या भिंतीकडे पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली.

पॅनल बसून चार दिवस झाले असतील. सकाळी मी अंगणात दात घासत होतो. दोन्ही घरांत पंखे फिरत होते. दादा भिंतीशी येऊन उभा राहिला. भिंतीवर हात ठेवून तो गच्चीकडे बघत राहिला, मग खाली मान घालून म्हणाला, "आते तुन्हाकडे लाईट कधी जाई नही ना?"

लाईट असताना तो माझ्याशी बोलत होता. कशीबशी चूळ भरली.

"जाई, दादा. बॅटरी नही लिधी."

त्याने पुन्हा एकदा गच्चीकडे पाहिलं.

"बरं झायं," तो म्हणाला.