इवायांना चिखलदरा दाखवला तो दिवस

परतवाड्यात माहेर असणं म्हणजे चिखलदऱ्याचं फुकट गाइड होणं. पाहुणा कुठूनही येवो, अकोल्याचा असो की अमेरिकेचा, चहाचा कप खाली ठेवण्याआधी विचारणारच, "चिखलदरा इथून जवळच ना?" जवळच. घाट चढला की झालं. आमच्या घरी हे काम बाबांचं, आणि त्यांचा क्रम ठरलेला. आधी भीमकुंड, मग देवी पॉइंट, मग रबडी, शेवटी पंचबोल. क्रम बदला म्हटलं की ऐकवायचे, "मंग तुमीच जा, मी कायले येऊ?" लहानपणी मला त्या डोंगराचा अगदी वीट आला होता. तेच कुंड, तोच कीचक, त्याला मारून भीमाने तिथेच हात धुतले ती तीच गोष्ट.

मग काचबिंदूने बाबांची नजर नेली. उशिरा कळलं, गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. एक डोळा पूर्ण गेला, दुसऱ्यात नुसतं पांढुरकं उरलं. त्यांनी हे आई आणि मी सोडून कुणाला कळू दिलं नाही. घरात सगळं पाठ, चष्मा नाकावर, बोलणं पहिल्यासारखंच खणखणीत. हात धरायला गेलं की झटकायचे. माझ्या सासरी तर अजिबात सांगायचं नाही, अशी तंबी होती. म्हणायचे, "कीव आली का माणूस हळू बोलते. मले हळू बोललेलं चालत नाही."

आणि गेल्या श्रावणात माझे सासू-सासरे पुण्याहून पहिल्यांदा परतवाड्याला आले. चहाचा कप खाली ठेवण्याआधी सासऱ्यांनी विचारलंच. मी काही सबब सांगणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "उद्या सकाळीच निघू, इवाई. मी दाखवतो." आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. आईने माझ्याकडे पाहिलं. तिचे गुडघे दुखतात, ती येणार नव्हती. म्हणजे सांभाळायचं मी एकटीनं.

रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. एक पाय चुकला की संपलं. दरीत पडतील ही भीती होतीच. पण बाबांना त्याहून मोठी भीती वाटत होती ती इवायांसमोर ठेचकाळण्याची.

हात धरायची सोय नाही, म्हणून मी तोंड चालवलं. भीमकुंडाच्या वाटेवर अर्धं पाऊल पुढे राहून प्रत्येक गोष्टीला नावं ठेवत गेले. "काय बाई ही पायरी, केवढी उंच!" "हा दगड कुणी मधात टाकला?" बाबा बरोबर तिथे पाय उचलायचे. सासूबाई मात्र माझ्याकडे बघत राहिल्या. माहेरी आलं की सुना इतक्या नाजूक होतात, असं त्यांना वाटलं असणार. वाटू दे. माझं अर्धं लक्ष बाबांच्या चपलांवर होतं.

नशिबाने वर धुकंच धुकं होतं. देवी पॉइंटला समोरचा माणूस दिसेना. बाबा असे रंगात आले की विचारू नका. इथे हे, तिथे ते, बोट करून सांगत होते आणि सासरे मान डोलवत होते. कुणालाच काही दिसत नव्हतं. कितीतरी दिवसांनी बाबा चारचौघांसारखे होते, आणि मला फार बरं वाटलं.

पंचबोलला आमच्याशिवाय कुणी नव्हतं. बाबा कठड्याला टेकून उभे राहिले आणि समोर बोट केलं. "धुकं हटलं का पाहा, इवाई. समोर डोंगराची रांग दिसन. उजव्या अंगाले पाणी पडते, थेट खाली."

आणि धुकं हटायला लागलं. आधी झाडं दिसली, मग दरी, मग पाणी. बाबांचं बोट तसंच होतं, कोरड्या कड्याकडे. "थांबा थोडं. हटन आता."

सासऱ्यांनी धबधब्याकडे पाहिलं, मग बाबांच्या बोटाकडे, मग माझ्याकडे. मी काय करणार? सासूबाई बोलायला गेल्या, तर सासऱ्यांनी त्यांचा हात दाबला. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "फार दाट आहे हो. थांबू की. घाई कुठे आहे?"

हा माणूस मला तोवर पेपर वाचणारा आणि आमटीत मीठ जास्त झालं म्हणणारा एवढाच माहीत होता. मला रडू आवरेना.

तेवढ्यात ऊन पडलं. बाबांनी चेहरा वर केला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"इवाई, मले तोंडावर ऊन लागून राहिलं."

सासरे बाबांच्या जवळ सरकले.

"धुकं हटलं ना?"

"हटलं," सासरे म्हणाले.

"कवाचं?"

"झाला थोडा वेळ."

बाबांनी बोट खाली घेतलं. "मले दिसत नाही. दोन वर्सं झाले. पोरीले बोलू नका, म्याच नाही म्हटलं होतं सांगाले." मग त्यांनीच विचारलं, "पाणी पडून राहिलं का?"

"पडतंय."

"नुसतं पडतंय काय, नीट सांगा ना. किती धारा हायेत?"

"दोन. नाही, तीन."

"पाऊस बरा झाला मंग. अन् खाली काय दिसते?"

सासरे सांगत गेले, अडखळत, चुकत. बाबा त्यांना दटावत राहिले आणि सासरे तेवढ्याच मोठ्याने उत्तर देत राहिले.

निघताना मी पुढे झाले. बाबा माझ्याकडे वळलेही नाहीत. त्यांनी सासऱ्यांच्या आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. "धरा इवाई, इथं निसरडं असते." दोघे हळूहळू उतरायला लागले. दोन वर्षांत मला एकदाही धरू दिला नव्हता तो हात. मागून चालताना मला आनंद झाला, आणि भल्ला रागही आला.