हरलेल्यांच्या बाई

कोर्टबाईंना जिंकलेल्या माणसांत काडीचा रस नव्हता. निकाल लागला की वकील, नातेवाईक, पेढे असा सगळा घोळका ज्याच्याभोवती असे, त्याला ओलांडून त्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसाकडे जात. त्याचं नाव आणि पत्ता विचारून घेत आणि परत येत. "जिंकलेल्याचा विश्वास फुकटचा असतो गं," त्या मला म्हणत. "कोर्टाबद्दल खरं काय वाटतं ते हरलेल्याला विचारायचं."

गिरगावातल्या एका कॉलेजात त्या राज्यशास्त्र शिकवत. न्यायालयांबद्दल लोकांना काय वाटतं, हा त्यांचा जन्माचा विषय. लालबागच्या चाळीत गिरणीकामगाराच्या घरी वाढल्या आणि तिथेच राहिल्या. मी दादरची, त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी. 'कोर्टबाई' हे नाव आम्हा विद्यार्थ्यांचं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं, पण तसं त्यांनी कधी दाखवलं नाही.

हरलेल्या माणसाकडे लगेच जायचं नाही, हा त्यांचा दंडक. "हरलेल्या घरात सुतक असतं. ते फिटू दे, मग जा." गेल्यावरही विश्वासाबिश्वासाचं नाव काढायचं नाही, त्यावर माणसं शाळेत दिल्यासारखी उत्तरं देतात. साधं विचारायचं, "पुन्हा तंटा झाला तर कोर्टात जाल?" आणि मग गप्प बसायचं. समोरचा कितीही वेळ घेवो, स्टोव्हवर दूध उतू जावो, आपण शब्द सुचवायचा नाही. माझ्यासारख्या बडबडीला हे फार जड गेलं. दोनदा मी मध्ये बोलले आणि दोन्ही मुलाखती बाईंनी रद्द केल्या.

इतक्या वर्षांत त्यांच्या हाती एकच गोष्ट लागली होती, आणि तिच्यावर त्यांचा जीव होता. आपलं म्हणणं नीट ऐकून घेतलं असं वाटलं, तर हरलेला माणूसही कोर्टाला धरून राहतो.

मग त्यांच्या चाळीवरच वेळ आली. मालकाला तिथे टॉवर बांधायचा होता आणि भाडेकरूंना तो कल्याणपलीकडे घरं देत होता. बरेचजण जायला तयार झाले होते. बाईंनी गॅलरीत सगळ्यांना जमवून सांगितलं, "कोर्टात आपलं ऐकतील." लोकांनी ऐकलं. कोर्टाचं ज्यांना सगळं कळतं त्या बाई आपल्याच चाळीत आहेत म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

तेव्हापासून बाईंची झोप गेली. रोज संध्याकाळी फोनवर कोर्टाचं उद्याचं बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या खटल्यांची यादी, उघडून आपला नंबर लागलाय का ते बघायच्या. एकदा बघून भागत नसे. चहा गार व्हायचा. शेजारचे परबकाका प्रत्येक तारखेला पांढरी टोपी घालून येत आणि पुढच्या बाकावर बसत. "जज्ज मान हलयता," ते हळूच सांगत. "आपला ऐकता तो." बाई हसायच्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायच्या. मला एकदा म्हणाल्या, "घराची भीती आहेच. पण हरलो आणि मला कोर्टाचा राग आला, तर आयुष्यभर मी काय लिहिलं?"

आम्ही हरलो. जज्जांनी सगळं शांतपणे ऐकलं होतं, आमच्या वकिलांना हवा तेवढा वेळ दिला होता, आणि निकाल मालकाच्या बाजूने दिला. त्या दिवशी बाईच भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेले नाही. त्यांनीच तसं शिकवलं होतं.

काही दिवसांनी फोन आला. "सुतक फिटलं. ये."

चाळीत सगळीकडे खोकी बांधणं चाललं होतं. बाईंनी मला मोरीजवळच्या खुर्चीवर बसवलं, स्वतः पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "विचार." मी विचारलं, "पुन्हा तंटा झाला तर कोर्टात जाल?"

त्या खाली बघत राहिल्या. मी ओठ घट्ट मिटून बसले. 'नाही' म्हणाल्या तर काय, याची धास्ती होती.

"जाईन," बाई म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, "पण एकटी. परत कुणाला बरोबर घेऊन नाही."

परबकाका सुतळी मागायला आले होते, ते दारातच थांबले. "बाईनू, एकट्या कशाक?" ते म्हणाले. "अपिलाची तारीख लागली काय माका सांगा. मी येतलंय."

मुलाखतीत तिसऱ्याने तोंड घातलेलं बाईंनी कधी खपवून घेतलं नाही. त्या दिवशी मात्र उठून त्यांना सुतळीचा गुंडा दिला आणि डोळे पुसले.

चाळ आता रिकामी झाली आहे. अपील दाखल आहे. बाई कल्याणपलीकडच्या घरात परबकाकांच्या खालच्या मजल्यावर राहतात. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून संध्याकाळी मला फोन करतात. "उद्याच्या बोर्डावर आहे का गं?"

मी नाही म्हणते. मग बाई जिन्याकडे तोंड करून हाक मारतात, "परब, उद्या नाही. टोपी खुंटीला लावा."