टोरीचं तेल प्यालेली गिटार

दादा गेल्यावर त्याच्या गाण्याच्या पार्टीतल्या लोकांना तो आठवला. तो खाटेवर पडून होता तेव्हा त्यांच्यापैकी एकालाही आमगाव स्टेशनवरून आमच्या गावाकडे येणारा ऑटो सापडला नव्हता. पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाआधी मात्र पार्टीच्या गायकाचा स्वतःहून फोन आला.

"ताई, त्या दिवशीचा गायनाचा कार्यक्रम आमच्याकडून. आणि ती लाल गिटार हाये ना घरी? ती पाहिजे. भाऊची निशाणी हाये."

फोन स्पीकरवर होता. वहिनी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"वाजवतीन का ते?" तिनं मला विचारलं.

मी गायकाला विचारलं. "म्हणजे काय, वाजवूच ना," तो म्हणाला.

"मंग दुरुस्त करून आणा बाई," वहिनी म्हणाली. "मी कधी ऐकलीच नाही."

हे खरं होतं. दादा भीमगीतांच्या पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. केशोरीपासून दरेकशापर्यंत जिथं बोलावणं येईल तिथं ते जात. कार्यक्रम रात्रीचे, परगावचे. नव्या नवरीला तिथं कोण नेणार? लग्न झालं आणि लवकरच पार्टीत कीबोर्ड आला. एकाच माणसाच्या बोटांत सगळी वाद्यं आली, तशी दादाची गरज संपली. गिटार त्याची स्वतःची होती म्हणून घरी आली. अँप्लिफायर, ज्याला सगळे मशीन म्हणत, तोही त्याचाच, पण तो गायकाकडे राहिला. दादानं मागितला, गायक "पाठवतो" म्हणाला. दादानं पुन्हा मागितला, गायक पुन्हा "पाठवतो" म्हणाला. त्यानंतर दादानं मागणं सोडलं. वहिनीनं एकदा हौसेनं म्हटलं, वाजवून दाखवा. त्यावर तो म्हणाला, "मशीनशिवाय मुकी हाये ते." गिटार खुंटीला गेली ती तिथंच राहिली. दादा राइस मिलमध्ये हमालीच्या पावत्या फाडू लागला.

मी गोंदियात एका दवाखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. वस्तू हातात आली की तिचं काय काय बिघडलंय ते आधी लिहायचं आणि मगच स्क्रू ड्रायव्हर उचलायचा, ही माझी सवय. गिटार खुंटीवरून काढून ओसरीवर ठेवली आणि लिहायला बसले. तारा गंजून दांडीवर रुतलेल्या. त्या तशाच ताणलेल्या राहिल्यामुळे दांडी धनुष्यासारखी वाकलेली. सूर लावायच्या खुंट्या जाम. आतली एक वायर उंदरानं खाल्लेली. आवाजाची बटणं फिरत नव्हती. लाल रंगाचे पापुद्रे सुटलेले, आणि सगळ्या अंगावर काळा, चिकट थर. बोट लावलं की बोट काळं.

"हे काय आहे वहिनी?"

"तेल. टोरीचं."

मोहाच्या बियांचं तेल आमच्याकडे लाकडाला लावतात. दिवाळीच्या आधी दारं, बंडीची चाकं, नांगराचा दांडा, सगळ्यांना एकदा तेलाचा हात फिरतो, म्हणजे भुंगा लागत नाही. वहिनी त्याच वाटीतून दरवर्षी गिटारीलाही लावत आली होती. नुसतं वरून नाही. जिथं भोक दिसेल तिथं थोडं सोडायची, आतूनही मुरावं म्हणून.

"ही काय बंडी आहे?" मी म्हटलं. "यात वायरी असतात. विजेची वस्तू आहे ही."

"लाकडाची तं हाये ना. त्याईनं कधी नाही म्हटलं नाही."

दादानं नाही म्हटलं नसणार. नाही म्हणायला त्या वस्तूकडे पाहावं लागलं असतं.

गोंदियातल्या वाद्यांच्या दुकानात मिस्त्रीनं मागची पट्टी उघडली, आत बोट घातलं आणि माझ्यासमोर धरलं. "मैडम, ये गिटार है के दीया? बाती डालो, जल जाएगा." दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मीही हसले असते, पण तारांखालचे, सूर टिपणारे पिकअप त्यानं बाहेर काढले तेव्हा ते लोणच्यातून काढल्यासारखे निथळत होते. त्यातला एक मेलेला निघाला. दुसरा स्पिरिटनं धुऊन वाळवला तेव्हा जिवंत निघाला. बटणं नवीन घेतली. दांडीतला लोखंडी गज तो थोडा थोडा आवळत गेला, एका दमात आवळला तर दांडी चिरते म्हणून. मध्ये मध्ये त्याला चहा लागे आणि दरवेळी तो सांगे, "नया ले लो, इससे अच्छा आएगा." नवी घ्यायची असती तर मी त्याच्याकडे कशाला आले असते?

रंग मी स्वतः करायचा ठरवला होता. सुट्टीच्या दिवशी गावी जाऊन पापुद्रे खरवडले, पॉलिश पेपर मारला आणि मोटरसायकलच्या टाक्या रंगवणाऱ्याकडून फवारा मारून घेतला. रंग बसलाच नाही. लाकडानं तो जागोजागी झटकून टाकला आणि सगळ्या अंगावर माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडले. "आतमधून तेल येऊन राहिलं," पेंटर म्हणाला. "मी कितीबी मारलं तरी फेकन ते."

सगळा रंग पुन्हा काढला. थिनरनं पुसलं, सोड्याच्या पाण्याचा ओला फडका फिरवला. मग खडूची पूड थापून उन्हात ठेवलं. उन्हानं तेल वर यायचं, पूड पिवळी पडायची, की झटकून नवी थापायची. वहिनी दारातून पाहत असायची.

"एवढ्या वर्साचं काढून टाकता," ती एकदा म्हणाली.

"नाही काढलं तर वाजायची नाही."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. जेवायला मात्र हाक मारली नाही.

शेवटी चपड्याचं पॉलिश कामी आलं. लाखेचे चपटे तुकडे स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं ते पॉलिश तेलकट लाकडालाही धरून बसतं. त्याचे हात दिले आणि त्यावर लाल रंग बसला. पहिल्यासारखा नाही, थोडा तपकिरीकडे झुकलेला. पण सपाट.

नव्या तारा लावून मिस्त्रीनं ती त्याच्या दुकानातल्या अँप्लिफायरला जोडली. आधी नुसता घुंss आवाज आला. त्यानं काहीतरी दाबलं आणि एक तार छेडली. तो सूर दुकानाच्या बाहेर रस्त्यापर्यंत गेला आणि हळूहळू विरला. मी परकर-पोलक्यात होते तेव्हा विहारासमोर दादाची तालीम चालायची, तिथला तो सूर होता. फोनवर रेकॉर्ड करायचं मनात आलं होतं. नाही केलं. वहिनी पहिल्यांदा ऐकणार ती फोनच्या डबीतून कशाला?

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहाराच्या अंगणात मंडप होता. वंदना झाली, दादाच्या फोटोला फुलं वाहून झाली. पार्टी कारनं आली. कीबोर्ड, लॅपटॉप, मोठे स्पीकर. मी गिटार आणि नवी वायर घेऊन गायकाकडे गेले.

"जयभीम ताई. वा, काय चमकवली," तो म्हणाला आणि गिटार शेजारी उभ्या पोरसवदा वादकाच्या गळ्यात अडकवली. "वायर नको."

"वायरशिवाय वाजेल कशी?"

"वाजवाची कायले? ट्रॅक हाये ना. ढोलक, बासरी, गिटार, सगळं भरलेलं हाये त्यात. हे गळ्यात राहीन. फोटो चांगला येते."

"तुम्ही फोनवर वाजवू म्हणाला होतात."

"वायर लावली तं घुंss करून हम मारते ताई, साऱ्या साउंडचा सत्यानाश. लोकं बसून हायेत. आज कायले रिस्क घेता?"

"आणि दादाचं मशीन?"

"कोणतं मशीन?" त्यानं माइकवर फुंकर मारली. "ते तं कवाच भंगारात गेलं."

मागे वळून पाहिलं. वहिनी पांढरं लुगडं नेसून पहिल्या ओळीत बसली होती, मोहल्ल्यातल्या बाया तिच्या दोन्ही बाजूंना. आज त्याईची गिटार वाजणार, हे तिनं घरोघरी सांगितलं होतं. मी जाऊन तिच्या शेजारी बसले. वायर पिशवीतच राहिली.

गाणं सुरू झालं. वादकाचा हात तारांपर्यंत पोचायच्या आत गिटार वाजली. मग त्यानं हात हलवायला सुरुवात केली. ट्रॅकमधली गिटार सफाईदार होती, कुठल्यातरी शहरातल्या स्टुडिओत कुठल्यातरी माणसानं वाजवलेली. गिटारीच्या कडेला वायर खोचायचं भोक रिकामं दिसत होतं, पण ते दिसायला आधी माहीत असावं लागतं. वहिनीनं डोळे मिटले होते.

"भाऊ असेच वाजवत?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"हो मंग," वहिनी म्हणाली.

जेवणं झाल्यावर गायक निरोप घ्यायला आला. "वहिनी, गिटार पार्टीले देऊन टाका. इथं सडून जाईन."

"एवढ्या वर्सात नाही सडली," वहिनी म्हणाली, "आता काऊन सडन?"

तो हसला आणि कारमध्ये जाऊन बसला. मशीनचा विषय मी पुन्हा काढला नाही. भंगारातली वस्तू कोण परत देणार?

गिटार खुंटीला लावताना वहिनी खुशीत होती. "किती गोड वाजली ना. अन् तुमी तेलासाठी मले बोलत होत्या. तेलानंच टिकली ते."

तिला खरं सांगणं एका वाक्याचं काम होतं. त्यानं गायकाचं काहीच बिघडलं नसतं. तिनं त्या दुपारी ऐकलेलं तेवढं गेलं असतं. मी हो म्हटलं.

दिवाळीच्या आधी गेले तेव्हा दारांना तेल लावून झालं होतं. वहिनी वाटी आणि चिंधी घेऊन खुंटीखाली स्टूल ओढत होती. मी गिटार खाली काढून मांडीवर घेतली. पिशवीतली रुंद चिकटपट्टी काढली. पिकअपवर, बटणांच्या कडेनं, मागच्या पट्टीच्या फटीवर आणि वायर खोचायच्या भोकावर नीट दाबून बसवली. मग गिटार तिच्यापुढे धरली.

"हं," मी म्हटलं. "लावा आता."