उपांत्य फेरीपर्यंतचा माणूस

नाना त्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचे दुय्यम प्रशिक्षक होते आणि दुय्यमच राहिले. मुख्य प्रशिक्षक येत, भिंतीवर आपापली घोषवाक्ये चिकटवीत आणि दोन-तीन मोसमांनी ती तशीच सोडून निघून जात. ती खरवडून भिंत पुन्हा स्वच्छ करून घेण्याचे काम नानांकडे असे. ते त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. परंतु चिकटपट्टीचे डाग पाहून त्यांना अन्न गोड लागत नसे. चेंडू मांडणीवर ठेवताना हवा भरण्याचे छिद्र वरच्या बाजूलाच आले पाहिजे, असाही त्यांचा दंडक होता. का, असे कोणी विचारले तर त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. एखादे छिद्र खाली गेलेले दिसले की त्यांचा जीव कासावीस होई, एवढेच.

त्यांच्या गळ्यात सदैव एक शिट्टी असे, म्हणून खेळाडू पाठीमागे त्यांना ‘शिट्टीनाना’ म्हणत. नानांना हे ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते. तरुणपणी ते याच संघातून खेळले होते. त्या काळी संघ दांडगाईसाठी बदनाम होता. निम्मे खेळाडू फाउलांची मर्यादा ओलांडून सामना संपण्याआधीच बाहेर बसत आणि संघ तळाशी पडून राही. गुडघा कामातून गेल्यावर नानांना दुय्यम प्रशिक्षक आणि सरावाचे पंच नेमण्यात आले. त्यांनी नियमांचे पुस्तक शब्दशः अमलात आणले. कोपर लागले, शिट्टी. खांदा घासला, शिट्टी. मोठमोठे धिप्पाड गडी त्यांच्यापुढे रडकुंडीला येत. पण हळूहळू अंगाला वळण लागले, फाउल घटले, आणि संघ वर चढत चढत पहिल्या चारांत जाऊन बसला. तेव्हापासून तो तेथेच होता. दर मोसमात उपांत्य फेरी गाठायची आणि तिथे हरायचे, हा त्याचा जणू नित्यनेम होऊन बसला होता.

यंदाही तसेच झाले. मुख्य प्रशिक्षकांनी राजीनामा दिला, आणि सोमवारी संघाच्या मालकीणबाईंनी नानांना कचेरीत बोलावून घेतले. बाईंना हा संघ वडिलांकडून मिळालेला होता. तो विकताही येत नव्हता आणि त्याच्याकडे नुसते पाहत बसणेही आता जमत नव्हते. शेजारी व्यवस्थापक बसले होते. त्यांच्यापुढे संगणक उघडा होता, आणि त्यांचा चेहरा उत्तर आधीच ठाऊक असलेल्या विद्यार्थ्यासारखा होता.

व्यवस्थापकांनी प्रस्ताव मांडला. दुसऱ्या एका संघाचा नामांकित खेळाडू मिळू शकत होता. मोबदल्यात त्या संघाला आपला कप्तान हवा होता. त्यांचे म्हणणे असे की, मोसमभर आपला संघ जिंकतो तो भरपूर चांगले खेळाडू आहेत म्हणून. एक दमला की दुसरा तेवढाच चांगला येतो. उपांत्य फेरीत मात्र एकाच प्रतिस्पर्ध्याशी ओळीने सामने असतात. तिथे दोन्हीकडचे उत्तम पाच जण जवळजवळ सारा वेळ खेळतात आणि आपले बाकीचे चांगले खेळाडू बाकावर बसून टाळ्या वाजवतात. म्हणजे आपल्याकडे चांगले पुष्कळ आहेत. असामान्य कोणी नाही.

नानांना हे तंतोतंत पटले. मग आपल्याला हे पटता कामा नये, हे त्यांच्या ध्यानात आले, कारण कप्तान त्यांचा जावई होता.

“तुम्ही इतकी वर्षं जवळून बघताय,” मालकीणबाई म्हणाल्या. “आपण वाईट असतो तर मी केव्हाच मोकळी झाले असते. आपण चांगले आहोत आणि तिथंच अडकलोय. नेमकं काय कमी आहे, ते मला शुक्रवारपर्यंत सांगा. मग ठरवू.”

“बाईसाहेब, कप्तान माझा जावई आहे.”

“लग्नाला आले होते की मी. जावई आहे म्हणून नाही विचारत, असूनही विचारतेय.”

नाना घरी आले ते डोक्यात गोंधळ घेऊनच. जो भेटेल त्याला ते आडून आडून विचारू लागले. संघाच्या मालिशवाल्याचे म्हणणे पडले की, ही मंडळी फुटकळ सामन्यांतही जीव तोडून खेळतात. दुसरे संघ पाय राखून ठेवतात, आणि आपल्या पायांतले बळ खरे सामने येईपर्यंत संपलेले असते. हेही नानांना पटले. तिघे-चौघे आणखी भेटले आणि त्यांचेही पटले. घरी पत्नीने भाजी निवडता निवडता, मान वर न करता निकाल दिला की, समोरच्या लोकांना जिंकायचे असते आणि तुम्हाला चुकायचे नसते. हे तेवढे नानांना पटले नाही. न चुकणे हाच जिंकण्याचा मार्ग, हे त्यांनी आयुष्यभर शिकवले होते. पण मंगळवारी सकाळपर्यंत तेही थोडेसे पटू लागले, तेव्हा मात्र ते घाबरले. सगळीच कारणे खरी असतील, तर त्यांतले खरे कोणते?

एकाच बाजूने दात आवळून विचार करण्याची त्यांना सवय होती. त्या बाजूची दाढ बरेच दिवस कुरकुरत होती. तिने त्याच दिवशी असहकार पुकारला. नाना मुलीच्या दवाखान्यात गेले. मुलगी दातांची डॉक्टर होती. तिचा स्वतःचा दवाखाना नुकता कोठे उभा राहिला होता. भिंतींना अजून रंगाचा वास होता आणि बाहेरच्या बाकावर पहिल्यांदाच माणसे वाट पाहत बसू लागली होती. तिने दाढ काढली, जागी कापसाचा बोळा दाबला आणि नाना पूर्णपणे निरुत्तर झाल्याची खात्री करून घेऊन मगच बोलायला सुरुवात केली.

“बाबा, आम्हाला जावं लागणार का? ते घरी काही बोलत नाहीत. मी विचारलं की पंखे साफ करायला घेतात. घरात आता एक पंखा मळका राहिला नाही.”

नानांनी घशातून काहीतरी आवाज काढला.

“तुम्ही माझ्यासाठी खोटं बोला, असं नाही म्हणत मी. पण हा दवाखाना काही पिशवीत घालून नेता येणार नाही मला. ते तिकडे, मी इकडे, असं होईल. एवढं डोक्यात असू द्या.” मग तिने हातमोजे काढले आणि ती डॉक्टर झाली. “आठवडाभर जोरात चूळ भरायची नाही. फुंकायचं काही नाही. शिट्टी बंद.”

बुधवारी सराव होता. मुख्य प्रशिक्षक नव्हते, म्हणून तो नानांनीच घ्यायचा होता. पहिले पाच आणि राखीव पाच यांचा सामना सुरू झाला. नाना सुजलेल्या गालावर हात ठेवून रेषेबाहेर उभे राहिले. शिट्टी नुसतीच गळ्यात लोंबत होती. राखीव पाचांत एक अवाढव्य गडी होता, त्याला सारे ‘कपाट’ म्हणत. त्याने बास्केटखाली कप्तानाला खांद्याने ढकलले. चेंडू निसटला. कप्तान थांबला आणि त्याने नानांकडे पाहिले. ढकलणारे कपाटही थांबले आणि त्यानेही नानांकडे पाहिले. दहाच्या दहा जण उभे होते आणि चेंडू एकटाच उड्या मारीत भिंतीपर्यंत जाऊन पोचला.

“खेळा,” नाना म्हणाले. पण सुजलेल्या तोंडामुळे ते “ओआ” असे काहीतरी ऐकू आले, आणि कपाट हसू दाबण्यासाठी बुटाचा बंद बांधायला वाकले.

पुन्हा खेळ सुरू झाला, पुन्हा धक्का लागला, पुन्हा माना वळल्या. थांबणे अगदी थोडे होते, डोळ्याचे पाते लवण्याइतके. पण ते प्रत्येक वेळी होते. यंदाच्या उपांत्य फेरीतला शेवटचा सामना त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. असाच धक्का, असाच निसटलेला चेंडू, कप्तानाने पंचांकडे वळवलेली मान. पंच हात पाठीमागे बांधून दुसरीकडे पाहत होते. मोठ्या सामन्यांत बारीकसारीक धक्क्यांकडे पंच काणाडोळा करतात, हे कोणाला ठाऊक नाही? तेवढ्यात समोरच्याने चेंडू उचलून गुण केला होता. नाना बाकावरून उठून “फाउल” म्हणून ओरडले होते. नियमाने त्यांचे बरोबर होते, आणि सामना हरेपर्यंत ते बरोबरच राहिले होते.

इतक्या मोसमांत प्रशिक्षक बदलले, खेळाडू बदलले, कोर्टची लाकडी जमीनसुद्धा बदलली. बदलली नव्हती ती एकच गोष्ट, आणि ती त्यांच्या गळ्यात होती.

असे असेल काय? की व्यवस्थित माणसाला सगळ्याचे एकच व्यवस्थित कारण हवे असते, म्हणून आपल्याला तसे दिसू लागले? त्याच्या आदल्या मोसमात तर संघ हरला होता तो साधे, मोकळे नेम चुकल्यामुळे; त्याच्याही आदल्या मोसमात कप्तानाचा घोटा मुरगळला होता. नेम आणि घोटा काही शिट्टी ऐकत नाहीत. नानांनी शिट्टी काढून खिशात ठेवली, बाहेर काढली आणि पुन्हा खिशात ठेवली.

सरावानंतर कप्तानाने त्यांना आपल्या गाडीने घरी सोडले. या दोघांत एक ठरून गेलेले होते. क्रीडागृहाच्या फाटकाच्या आत ‘सर’ आणि ‘तू’. फाटकाबाहेर ‘नाना’ आणि ‘तुम्ही’. त्या दिवशी फाटक मागे पडले तरी नानांनी ‘तू’च म्हटले.

“धक्का लागला की तू थांबतोस का रे?”

कप्तानाने गाडीचा वेग कमी केला. “मी नाही थांबत, सर. कान थांबतो. त्याला माहीत असतं, आता शिट्टी येणार. मग पाय कानाचं ऐकतात.”

“मग बंद करू शिट्टी?”

“करा की. मग मोसमात निम्मे लोक फाउल होऊन बाकावर, आणि उपांत्य फेरी आपण घरी बसून टीव्हीवर बघायची. इथवर येतो तेसुद्धा त्या शिट्टीमुळेच.”

संघाला वर आणणारी आणि वरच्या पायरीवर अडवणारी गोष्ट एकच असू शकते, हे नानांच्या डोक्यात मावेना. औषध आणि दुखणे एकाच बाटलीत असेल, तर माणसाने बाटलीचे करायचे काय? त्यांनी विचारले, मी बाईंना सांगू तरी काय?

“मला नका विचारू. मला इथंच राहायचंय. राहायचं असलेल्या माणसाचं मत काय धरायचं?” घर आले तेव्हा कप्तान उतरला आणि त्याने सासऱ्यांच्या बाजूचे दार उघडले. “सावकाश उतरा, नाना.”

शुक्रवारी नाना कडक इस्त्रीचा सदरा घालून मालकीणबाईंपुढे बसले आणि त्यांनी सारे क्रमाने सांगितले: दाढ, सराव, वळलेल्या माना, पंचांचे पाठीमागचे हात. व्यवस्थापकांनी नम्रपणे विचारले की, हे आकड्यांत कोठे बसवायचे. नाना म्हणाले, ते मलाही कळत नाही.

“म्हणजे चूक तुमची,” बाई म्हणाल्या, “आणि जावई राहू दे. असंच ना?”

“ऐकायला तसंच वाटतं, बाईसाहेब. सांगताना मलाही तसंच वाटलं.”

“खात्री आहे तुमची?”

“नाही. खात्रीची कारणं या आठवड्यात पुष्कळ ऐकली. त्यातलं प्रत्येक मला पटलं.”

बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी ठरवले होते. कप्तान एक मोसम राहील. नवे मुख्य प्रशिक्षक येतील आणि सराव शिट्टीवाचून होईल. नानांचा पगार चालू राहील, पण त्यांनी कोर्टवर उतरायचे नाही. वर गॅलरीत बसायचे आणि दिसेल ते महिन्यातून एकदा येऊन सांगायचे. पहिल्या चारांतून संघ घसरला, तर पुढल्या उन्हाळ्यात कप्तान जाईल. मग कोणालाही विचारले जाणार नाही. ही बढती झाली की हकालपट्टी, हे नानांना जिना उतरेपर्यंत कळले नाही. खाली आल्यावरही कळले नाही. घरी पत्नीने विचारले, काय झाले? तेव्हा ते म्हणाले, बहुतेक जमले. काय जमले, हे त्यांना सांगता येईना.

नवा मोसम सुरू झाला. संघ कधी जिंके, कधी हरे; फाउल वाढले; कपाट दोनदा सामना अर्ध्यावर असतानाच बाहेर जाऊन बसले. पहिल्या चारांच्या रेषेवर संघ असा लोंबकळत होता की व्यवस्थापकही भाकीत करायला धजेनात. नाना गॅलरीत मुलीशेजारी बसत. वरून त्यांना मांडणीवरचे चेंडू दिसत, आणि त्यांची छिद्रे चारी दिशांना असत.

एका अटीतटीच्या सामन्यात कप्तानाला बास्केटखाली जोराचा धक्का बसला आणि चेंडू निसटला. या वेळी तो थांबला नाही. मान वळवली नाही. तो चेंडूवर अक्षरशः तुटून पडला, उठला, समोरच्याला अंगावर घेत वर झेपावला आणि त्याने चेंडू रिंगमधून खाली सोडला. प्रेक्षक उभे राहिले. शिट्टी वाजली. पंचांनी गुण रद्द केला आणि फाउल कप्तानावरच दिला. निम्मी गॅलरी टाळ्या वाजवीत होती, निम्मी पंचांच्या नावाने शंख करीत होती.

“बाबा, हे बरोबर झालं की चुकलं?” मुलीने त्यांच्या बाहीला धरून विचारले.

पूर्वी असा प्रश्न पुरा होण्याआधी नानांचे उत्तर तयार असे. नियमाने तो फाउल होता, यात तिळमात्र शंका नव्हती. उपांत्य फेरीत पंचांनी तो दिला असता काय, हे सांगता येत नव्हते. उपांत्य फेरी येईल काय, हेही सांगता येत नव्हते. खाली कप्तान गुडघा चोळीत उठला. त्याने पंचांकडे पाहिलेच नाही. मान वर करून तो थेट गॅलरीकडे पाहू लागला.

नानांची मान होकारार्थी हलू लागली, मग नकारार्थी हलू लागली, मग मध्येच थबकली. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने काच पुसायला घेतली. काच केव्हाच स्वच्छ झाली होती. तरीही ते पुसत राहिले, कारण तो अजून वरच पाहत होता.