खिडकीतलं घड्याळ

धाराशिवच्या आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या मॅडम प्रयोगशाळेत शिरताना घड्याळ काढून बाहेर खिडकीत ठेवायच्या आणि पाऊल अलगद टाकायच्या. आधी त्या पुण्यातल्या एका संस्थेत एकाच रेणूपासून बनवलेल्या ट्रान्झिस्टरवर संशोधन करायच्या; तिथल्या मोठ्या चुंबकाजवळ घड्याळ नेलेलं चालायचं नाही.

“रेणू जरा थरथरला तरी इलेक्ट्रॉनची वाट बदलते, सर. मोठं चुंबक लावलं की परत बदलते.” हे मला सांगताना त्यांचा आवाज आपोआप बारीक व्हायचा.

“पण इथलं चुंबक तर बोटाएवढं आहे,” मी म्हणालो.

“व्हय. सवय जात न्हाय.”

परवा पुण्याच्या त्या संस्थेतून फोन आला, परत या म्हणून. “आईला गावाकडं सास्तूरला एकटं ठेवून कसं येऊ?” एवढंच म्हणाल्या. फोन ठेवून निघाल्या, तर प्रयोगशाळेच्या दाराशी त्यांचा हात घड्याळाकडं गेला आणि तिथंच थांबला. घड्याळ न काढताच त्या आत गेल्या.