विरजणासारखा वाटलेला नंबर

आता कसं सांगू? तोंड लपवावं असा प्रकार झाला. पण माझ्या वहीत रोजचं सगळं लिहिलेलं असतं, त्यामुळं लपवायचीही सोय नाही!

छावणी भागातल्या आमच्या वाचनालयानं निबंधस्पर्धा ठेवली. विषय: 'कोणत्या देशात सॉफ्टवेअरची चोरी जास्त, आणि का?' निबंध टाइप केलेलाच हवा. मी पेटलो! महिनाभर मासिकांतून टिपणं काढली. श्रीमंत देश, गरीब देश, तरुणांचे देश, एकमेकांना धरून राहणारे देश... आणि असा निबंध चोरीच्या सॉफ्टवेअरवर लिहायचा? छे! मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर रीतसर विकत आणलं.

शेजारचे शकीलभाई हसले. "ओरिजिनल? अरे भाई, इथं कोण घेतंय! मुफ्त में मिलता ना!"

"मी घेतो!"

"मग ते चालू करायचा नंबर मलाबी द्या की."

दिला.

शेवटच्या दिवशी एक पान बाकी होतं, तर पडद्यावर पाटी: 'हा नंबर अनेक संगणकांवर वापरात आहे. सॉफ्टवेअर बंद केले आहे.' निबंध द्यायचा पाचच्या आत!

"चोरी झाली!" मी ओरडलो.

"अहो, जाऊ द्या की," बायको म्हणाली.

"नाय! चोर सापडल्याशिवाय मी जेवणार नाय!"

लावला कंपनीला फोन. पलीकडं एक मुलगी.

"ताई, मी चोरीवरच निबंध लिहितोय, आणि माझ्याच घरात चोरी!"

"काका, नंबर कुणाला दिला होता का?"

"चोराला कशाला देऊ? आपल्याच माणसांना दिला."

"किती जणांना?"

मी ऐटीत वही उघडली. "घ्या लिहून. सोमवारी शकीलभाई. मंगळवारी चितेगावचे मेहुणे. बुधवारी सोयगावची आत्या..."

"काका..."

"थांबा, अजून दोन पानं आहेत!"

"काका, तो नंबर एकाच संगणकासाठी असतो."

"अहो, दारात आलेल्याला विरजण नाय म्हणतं का कुणी? दिल्यानं आपलं दही कमी होतं का?"

तिनं विचारलं, "निबंधात आपल्या लोकांबद्दल काय लिहिलंय?"

मी वहीतलं कच्चं लिखाण वाचलं, "'आपल्याकडं वाटून खाणं हे पुण्य. त्यामुळं चोरी होतेय हे चोरालाच कळत नाही. उदाहरणार्थ...'"

"उदाहरणार्थ?"

"उदाहरण... सापडलं नव्हतं, ताई."

बायकोनं वही माझ्या हातातून काढून अलगद मिटली.

पोरगी भली. चारच्या आत सॉफ्टवेअर चालू करून दिलं. पण मीही मागं हटणारा नव्हे! उदाहरणाच्या जागी स्वतःचं नाव घातलं, आणि किती जणांना, कुठल्या वारी, सगळा हिशेब. पाचला पाच मिनिटं कमी असताना निबंध पोचवला.

बक्षीस नाही मिळालं. परीक्षकांचा शेरा तेवढा मिळाला, तो वहीत चिकटवलाय: 'विचार मासिकांतून जसेच्या तसे उचललेले. उदाहरण मात्र अस्सल.'