हौ आणि नौ

आज मी पदवीधर आहे तो माईंमुळे. माई आमच्या शेजारी राहायच्या. पुरुषांच्या बरोबरीने मांडी घालून पत्ते पिसणारी दुसरी बाई मी बालाघाटात पाहिली नाही. नवा पाहुणा दारातच थबकायचा. माई म्हणायच्या, "काहून उभे? बसा, चवथा गडीच पाहिजे होता."

खेळ एकच, जजमेंट. चौघांना तेरा-तेरा पाने. पाने पाहून आपले किती हात होतील ते आधी बोलायचे आणि बरोबर तेवढेच करायचे. एक हात कमी झाला तरी हार, जास्त झाला तरी हार. "कमी झाला तं अंदाज चुकला, जास्त झाला तं नियत चुकली," असं माई म्हणत. बोली फिरवायला त्यांच्याकडे बंदी होती. तोंडातून निघालं ते निघालं. पोस्टमन मिश्राजी फरशीवर खडूने बोली मांडत, म्हणून आकडे हिंदीत बोलायचे.

मी मॅट्रिक झालो त्या उन्हाळ्यात बाबांनी मला भरवेलीच्या खाणीत लावायचं ठरवलं. ते स्वतः तिथेच राबत. मला नागपूरला कॉलेजात जायचं होतं, पण बाबांपुढे माझं तोंड उघडत नसे. रविवारी दुपारी डाव पडला: माई, मिश्राजी, बाबा आणि मी. मी माईंच्या शेजारी होतो. बोली माईंवर आली होती. त्या पाने लावत असताना मी हळूच म्हणालो, "माई, बाबांशी बोलाल ना?"

"हौ," माई म्हणाल्या.

"नौ!" मिश्राजी ओरडले आणि त्यांनी फरशीवर नऊचा आकडा काढला.

माई चाराच्या वर कधी जात नसत. बाबा हसत सुटले, "अवं माई, नौ? ऊन लागलं का तुमाले?"

आपण 'हौ', म्हणजे हो, म्हणालो; 'नौ' नाही, एवढंच माईंनी सांगायचं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग बाबांकडे वळल्या. "नौ तं नौ. पण शंकर, माह्ये नौ झाले तं पोट्टा कॉलेजात जाईन. बोल."

"हौ!" बाबा हसतच म्हणाले.

"आपके भी नौ?" मिश्राजींनी विचारलं.

पुढे कोणी हसलं नाही. हुकूम इस्पिकचा होता. माईंनी आमची मोठी पाने आमच्याच हातून काढवली. बाराव्या हाताला त्यांचे नऊ पुरे झाले. पण अजून एक हात बाकी होता. शेवटची उतारी माईंचीच होती. त्यांनी बदामाची दुर्री टाकली. बाबांकडे चौकट, मिश्राजींकडे किलवर. हा हात माईंना गेला असता तर दहा झाले असते.

माझ्याकडे उरलेलं पान होतं बदामाची तिर्री.

मी ती टाकली. माझा एक हात जास्त झाला, म्हणजे मी हरलो. बाबांनी ती तिर्री उचलून पाहिली. मग उठले आणि चप्पल घालत म्हणाले, "मुकादमाले नाही म्हून सांगून येतो."

बी. ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी नागपूरहून पत्र टाकलं:

"तीर्थरूप माईंस, साष्टांग नमस्कार. बी. ए. झालो. आमच्या घरात पहिलाच. तुम्ही नऊच बोलला होतात असं बाबांना अजून वाटतं, आणि ते सगळ्यांना तसंच सांगतात. मी काही बोललो नाही. मी फक्त बाबांशी बोला म्हणालो होतो, माई. तुम्ही बोललात."